ओझरचा कारखाना आणि ‘बनवावे की विकत घ्यावे’ हा जुना वाद

(१)
२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ विमानाला अखेरचा निरोप दिला. त्यानंतर बरोबर एकवीस दिवसांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिक जिल्ह्यातील ओझरच्या धावपट्टीवरून तेथेच जुळणी झालेले पहिले ‘तेजस मार्क-१ए’ आकाशात झेपावले. समारंभाला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह उपस्थित होते, छायाचित्रे सर्वत्र फिरली. मात्र एक गोष्ट फारशी कोणी सांगितली नाही. भारतात तयार झालेल्या शेकडो मिग-२१ विमानांचे सांगाडेही याच ओझरमध्ये घडले होते. ज्या आवारात ते विमान भारतात बनू लागले, त्याच आवारातून त्याचा वारसदार बाहेर पडला.

आजचा थ्रेड या आवाराविषयी आहे. विमानांचे वेग आणि क्षेपणास्त्रांचे पल्ले सांगणारे थ्रेड पुष्कळ आहेत. हा थ्रेड पैशाविषयी आणि धोरणाविषयी आहे.

(२)
ओझर हे निफाड तालुक्यातील, मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. बाणगंगेचा काठ, भोवती द्राक्षबागा, पलीकडे पिंपळगाव बसवंतची बाजारपेठ. जिल्ह्याच्या बोलण्यात मात्र गावाच्या नावाला एक शेपूट आहे : ‘ओझर मिग’. एखाद्या परदेशी विमानाचे नाव गावाला चिकटून साठ वर्षे टिकावे, याचे दुसरे उदाहरण मला तरी महाराष्ट्रात आठवत नाही. (‘मिग’ म्हणजे मिकोयान आणि गुरेविच, त्या विमानाच्या दोन सोव्हिएत रचनाकारांची आद्याक्षरे. म्हणजे गावाच्या नावात दोन अभियंते दडले आहेत.)

(३)
गोष्ट सुरू होते ओझरपासून दूर, आणि सरकारपासूनही दूर. ‘एचएएल’ ही सरकारी कंपनी म्हणून आपल्याला ठाऊक आहे, पण तिचा जन्म खासगी भांडवलातून झाला, आणि ते भांडवल उभे करणारा माणूस सोलापूरचा होता : वालचंद हिराचंद.

१९३९ मध्ये प्रवासात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी पडली. पॉली तेव्हा चीनसाठी विमाने जुळवण्याचा उद्योग करीत होता. चीनमध्ये जे होऊ शकते ते हिंदुस्थानात का नाही, हा वालचंदांचा प्रश्न. दुसरे महायुद्ध पेटले होते, तरी ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानात विमाने बनावीत यात फारसा रस नव्हता. अखेर म्हैसूर संस्थानाने हात पुढे केला आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूत ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तेथे जुळवलेले हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान उडालेही.

(४)
१९४१ मध्ये हिंदुस्थान सरकारने कंपनीत एक तृतीयांश हिस्सा घेतला. जपान ब्रह्मदेशापर्यंत पोहोचल्यावर, १९४२ मध्ये, सरकारने कारभारच ताब्यात घेतला. वालचंद बाजूला झाले. हा निर्णय समाजवादी विचारातून झाला नाही, हे लक्षात घ्यावे. तो ब्रिटिश साम्राज्याने युद्धाच्या गरजेतून घेतला होता.

आज समाजमाध्यमांवर ‘नेहरूंनी सगळे सरकारी करून टाकले’ आणि ‘सरकार नसते तर काहीच उभे राहिले नसते’ अशी दोन टोके भांडताना दिसतात. या कंपनीचा इतिहास दोघांनाही अडचणीचा आहे. सुरुवात उद्योजकाने केली, संस्थानाने तिला आधार दिला, राष्ट्रीयीकरणाची दिशा परक्या सरकारने ठरवली आणि स्वतंत्र भारताने ती पुढे चालवली. १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावात विमाननिर्मिती केवळ सरकारसाठी राखीव क्षेत्रांच्या यादीत गेली, तेव्हा ती प्रत्यक्षात चौदा वर्षे सरकारच्याच हाती होती.

(५)
आता १९६२. देशापुढे दोन तुटवडे होते. एक सर्वांना ठाऊक आहे : आधुनिक लढाऊ विमानांचा. पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ हे स्वनातीत विमान मिळाले होते. दुसरा तुटवडा इतिहासाच्या पुस्तकांत कमी दिसतो : परकीय चलनाचा. युद्धकाळात ब्रिटनकडे साठलेली आपली स्टर्लिंगची गंगाजळी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या पहिल्या वर्षांतच आटली होती. १९५८ पासून भारताला मदत करणाऱ्या देशांचा गट बैठका घेऊन आपली तूट भरून काढत होता. अशा घराला डॉलर मोजून विमाने घेणे परवडणारे नव्हते.

सोव्हिएत संघाने पुढे केलेला प्रस्ताव या दोन्ही जखमांवर लागू पडणारा होता. मिग-२१ विकत द्यायचे, ते भारतात बनवण्याचा परवाना द्यायचा, पैसे दीर्घ मुदतीच्या कर्जाने आणि तेही रुपयांत घ्यायचे. ऑगस्ट १९६२ मध्ये, म्हणजे चीनच्या आक्रमणाआधी, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना हा करार झाला. ‘चीनने मारले म्हणून आपण मिग घेतले’ हे प्रचलित सूत्र म्हणून अर्धेच खरे आहे. आक्रमणाने गती दिली, पण निर्णय आधीचा होता.

(६)
२० ऑक्टोबर १९६२ रोजी युद्ध सुरू झाले, मेनन गेले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य शाळेपासून आपल्या कानांवर आहे. त्या सह्याद्रीला लोकसभेत जागा हवी होती, ती नाशिकने दिली. १९६३ च्या पोटनिवडणुकीत चव्हाण नाशिक मतदारसंघातून बिनविरोध निवडून आले.

मिगचा कारखाना नाशिकजवळ आला तो याच काळात. एवढे सांगितले की ऐकणारा हसतो आणि म्हणतो, ‘म्हणजे मतदारसंघाला बक्षीस.’ तसे म्हणायला जागा आहे, पण तेवढेच म्हणणे आळशीपणाचे ठरेल. सरहद्दीपासून अंतर, मुंबई बंदराशी रस्त्याने व रेल्वेने संबंध, धावपट्टीसाठी मोकळे पठार, या गोष्टी नाशिककडे होत्याच. राजकीय वजन आणि भौगोलिक सोय एकाच बाजूला पडली की इतिहासकाराला त्यांची वाटणी करणे अवघड जाते, आणि येथे ती नेमकी करता येत नाही.

(७)
वाटणी मात्र दुसरीकडे झाली. मिगसाठी ऑगस्ट १९६३ मध्ये ‘एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड’ ही स्वतंत्र सरकारी कंपनी निघाली आणि काम तीन राज्यांत विभागले गेले. सांगाडा आणि अंतिम जुळणी ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. कोरापुटच्या मागे स्वतः वैमानिक असलेल्या मुख्यमंत्री बिजू पटनायकांचा आग्रह होता.

अर्थशास्त्राच्या चौकटीत पाहिले तर हे महागडे प्रकरण. एका विमानाचे अवयव शेकडो किलोमीटर फिरून एकत्र यायचे. पण धोरणकर्त्यांना केवळ विमान नको होते, औद्योगिक बेटांच्या बाहेर उद्योग न्यायचा होता. कोरापुटसारख्या आदिवासी जिल्ह्यात जेट इंजिनचा कारखाना कोणत्याही खासगी हिशेबात बसला नसता. त्याची किंमत विमानाच्या किमतीत मिसळली गेली आणि पुढे साठ वर्षे ‘सरकारी विमान महाग का’ हा प्रश्न विचारताना ती कोणी वेगळी काढली नाही. विमानाच्या बिलात प्रादेशिक विकासाचे बिल जोडलेले आहे, हे न सांगता दोन देशांच्या किमतींची तुलना करणे मला प्रामाणिक वाटत नाही.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी वालचंदांची जुनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि ही नवी कंपनी यांचे विलीनीकरण झाले. आजची ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ ती हीच.

(८)
‘परवाना घेऊन बनवणे’ म्हणजे नेमके काय, हे थोडे थांबून पाहू, कारण सगळा वाद येथेच अडतो.

पहिल्या टप्प्यात जवळजवळ तयार विमान पेट्यांत भरून येते. आपण पंख जोडायचे, तपासायचे, उडवायचे. दुसऱ्या टप्प्यात मोठे भाग सुटे येतात. तिसऱ्यात लहान भाग. शेवटच्या टप्प्यात धातूचे पत्रे आणि ठोकळे येतात आणि त्यांतून कापण्या-घडवण्यापासून सर्व काही आपण करायचे. ओझरने मिग-२१ च्या बाबतीत हा प्रवास १९६६ च्या सुमारास सुरू केला आणि १९७० पर्यंत कच्च्या मालापासून विमान उभे करण्यापर्यंत मजल मारली. शेतीप्रधान तालुक्यात, जेथे आदल्या पिढीने लोखंडी नांगराच्या पलीकडे यंत्र क्वचित हाताळले होते, तेथे मिलिमीटरच्या शतांशात मोजमाप करणारे कामगार चार-पाच वर्षांत तयार झाले. हे यश लहान नव्हे.

पण त्याला एक कुंपण होते. आराखड्यात ‘हा खिळा येथे, या जाडीचा’ असे लिहिलेले असते, ‘याच जाडीचा का’ हे लिहिलेले नसते. परवाना कृती देतो, कारण देत नाही. स्वयंपाकाच्या वहीवरून पुरणपोळी साधते, पण पीठ बदलले की काय करावे हे वही सांगत नाही. ते ज्ञान रचनाकाराकडे, म्हणजे मॉस्कोत राहिले.

(९)
गंमत म्हणजे त्याच वेळी आपल्याकडे ‘का’ शिकवणारे एक विमान होते. बंगळुरूत जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचएफ-२४ ‘मारुत’ १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. आशियात तेव्हा असे धाडस करणारे देश फार थोडे होते. त्याचे दुखणे एकच : त्याच्या सांगाड्याला शोभेल असे ताकदीचे इंजिन मिळाले नाही. ब्रिटनकडून इंजिन विकसित करून घ्यायचे तर पैसे मोजावे लागत होते, ते आपण मोजले नाहीत. मग इजिप्तच्या इंजिनावर प्रयोग झाले, तेही अर्धवट सुटले. मारुत कमी शक्तीचेच राहिले. एकूण १४७ विमाने बनली आणि १९९० मध्ये ती निवृत्त झाली.

ओझरच्या मिगने बंगळुरूच्या मारुतला मारले, असे काही लेखक लिहितात. मला ते अतिसुलभ वाटते. मिगला रुपयांत कर्ज मिळत होते आणि मारुतच्या इंजिनाला पौंड लागत होते. निर्णय अभियंत्यांनी घेण्याआधीच गंगाजळीने घेतला होता. मारुतचे इंजिन लक्षात ठेवा, थ्रेडच्या शेवटी ते परत लागणार आहे.

(१०)
रुपयांतला व्यवहार कसा चाले? सोव्हिएत संघ आपल्याला यंत्रे, तेल, शस्त्रे देई, त्याचे रुपये भारतातील खात्यात जमा होत आणि त्या रुपयांतून तो चहा, ताग, चामडे, कापड, औषधे विकत घेई. डॉलर मध्ये येतच नसे. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, एका डॉलरला ४.७६ ऐवजी ७.५० रुपये पडू लागले, तेव्हा पाश्चात्त्य आयात एका रात्रीत महागली. ओझरमध्ये नेमकी तेव्हाच मिगची जुळणी सुरू होत होती.

या व्यवस्थेचा दोष असा की तिने आपल्याला एका ग्राहकाची सवय लावली. सोव्हिएत संघ जे घेई ते विकले जाई, दर्जाची फार चौकशी होत नसे. आणि ज्याच्याकडून विमान, त्याच्याकडूनच सुटे भाग.

(११)
नाशिकसाठी या कारखान्याचा अर्थ काय होता, हे आकड्यांपेक्षा बोलीतून कळते. घरातला मुलगा ‘मिगला लागला’ की स्थळे येऊ लागत. वसाहत, शाळा, रुग्णालय, कामगारांच्या बसगाड्या, पगाराच्या आठवड्यात फुलणारा बाजार. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्येच स्थापन झाले होते. सातपूरला आणि पुढे अंबडला औद्योगिक वसाहती वाढल्या आणि अचूक यंत्रकामाची सवय झालेले हात जिल्ह्यात उपलब्ध होते. नाशिकच्या वाहन-उद्योगाचे सगळे श्रेय ओझरला देणे अतिशयोक्ती होईल. पण आयटीआय झालेल्या दोन पिढ्यांपुढे ओझरचे फाटक हे एक ठरलेले स्वप्न होते, यात शंका नाही.

मिग-२१ च्या एकामागून एक सुधारित आवृत्त्या येथे झाल्या. त्यानंतर मिग-२७ आले, त्याची १६५ विमाने ओझरने दिली.

(१२)
डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ नावाचा देशच उरला नाही. त्या वर्षी जूनमध्ये आपणही दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतो, सोने गहाण पडले होते. आर्थिक सुधारणांच्या कथेत आपण मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प सांगतो, परवाना-राज सांगतो. ओझरसाठी १९९१ चा अर्थ वेगळा होता : सुट्या भागांचा कारखाना आता कोणत्या देशात आहे? एक पुरवठादार रशियात, दुसरा युक्रेनमध्ये, तिसरा बंद. किंमत आता रुपयांत नव्हे, डॉलरमध्ये. आणि जुने रुपये-रुबल कर्ज कोणत्या दराने फेडायचे यावर दोन्ही सरकारांची घासाघीस १९९३ च्या जानेवारीत, बोरिस येल्त्सिन दिल्लीत आले तेव्हा मिटली. फेड मालाच्या रूपात पुढील अनेक वर्षांवर पसरली.

(१३)
मिगच्या अपघातांविषयी बोलल्याशिवाय हा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंत मिग विमानांचे ४८२ अपघात झाले, त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले.

‘उडती शवपेटी’ हा शब्द रूढ आहे. दोष कोणाचा? रचनेचा काही, देखभालीचा काही, मानवी चुकांचा काही. पण धोरणाचा वाटा ठळक आहे. संथ प्रशिक्षण विमानावरून थेट मिगवर जाणाऱ्या तरुण वैमानिकांना मधली पायरी हवी, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये केली. ती पायरी, म्हणजे ‘हॉक’ प्रशिक्षण विमान, हवाई दलात आले २००८ मध्ये. सव्वीस वर्षे! मिगची जागा घेणारे हलके लढाऊ विमान १९८३ मध्ये मंजूर झाले, २००१ मध्ये प्रथम उडाले, त्याची पहिली तुकडी २०१६ मध्ये उभी राहिली. तोवर मिग उडतच राहिले, कारण दुसरे काही नव्हते. निर्णय लांबवण्यालाही खर्च असतो आणि तो अर्थसंकल्पाच्या कोणत्याही शीर्षाखाली दिसत नाही.

(१४)
२००० च्या डिसेंबरमध्ये सुखोई-३० एमकेआयचा परवाना-करार झाला आणि ओझरला पुन्हा काम मिळाले. आधी १४०, नंतर ४० आणि ४२, अशी एकूण २२२ विमाने. पहिले २००४ च्या नोव्हेंबरमध्ये सुपूर्द झाले. आणि येथे तो वाद पेटला, जो आजही प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी निघतो : रशियातून थेट आणलेले सुखोई स्वस्त पडते, ओझरचे महाग. मग कारखाना कशासाठी?

हा आक्षेप खोटा नाही. ओझरचे विमान महागच पडले. पण का महाग, ते पाहू. परवान्यानुसार कच्च्या मालाचा मोठा भाग रशियातूनच घ्यावा लागे, त्यामुळे ‘कच्च्या मालापासून निर्मिती’ या टप्प्यावरही आयात संपत नसे. २००० च्या अखेरीस डॉलर ४६ रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या अखेरीस ८५ च्या. आयात भागांचे बिल त्या प्रमाणात फुगत गेले. तिसरे, ओझरची वार्षिक संख्या रशियन कारखान्याहून कमी, म्हणून यंत्रांचा स्थिर खर्च थोड्या विमानांवर पडतो.

आता दुसरी बाजू. विमान चाळीस वर्षे वापरायचे असते आणि त्या काळात त्याची संपूर्ण उघडझाप करून दुरुस्ती करावी लागते. सुखोईंची ती दुरुस्ती ओझरमध्ये होते. विमान थेट विकत घेतले असते तर प्रत्येक वेळी ते परदेशी पाठवावे लागले असते किंवा तिकडून माणसे आणावी लागली असती. खरेदीच्या दिवशीच्या किमतीत हे दिसत नाही.

(१५)
ताजे उदाहरण घ्या. १२ डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने एचएएलशी आणखी १२ सुखोईंचा करार केला, अपघातांत गमावलेल्या विमानांच्या जागी. रक्कम सुमारे १३,५०० कोटी रुपये. लगेच भागाकार झाला : एका विमानाला ११२५ कोटी! समाजमाध्यमांवर संताप उसळला. त्या रकमेत कर आणि आयातशुल्क आहे, म्हणजे काही पैसा सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, सोबतची उपकरणे आहेत, आणि बाराच विमानांसाठी थंडावलेली साखळी पुन्हा पेटवण्याचा खर्च आहे, हे फार थोड्यांनी वाचले. तरीही विमान महागच आहे, हे मान्य करायला हरकत नाही. जो पक्ष ‘स्वदेशी’ शब्द उच्चारून हिशेब विचारूच देत नाही, तोही तितकाच उथळ.

(१६)
थंडावलेली साखळी हा ओझरचा खरा आजार. सुखोईंचे मोठे काम २०२० च्या सुमारास संपत आले आणि पुढे काय, याचे उत्तर दिल्लीकडे नव्हते. २००७ मध्ये निघालेल्या १२६ विमानांच्या निविदेत १०८ विमाने एचएएलमध्ये बनायची होती. २०१५ मध्ये ती योजना बाजूला पडून ३६ राफेल थेट घेण्याचे ठरले. त्यावरचे राजकीय युद्ध सर्वांना ठाऊक आहे, त्यात पडत नाही.

२०१८ च्या मार्चमध्ये सरकारने एचएएलचे सुमारे दहा टक्के भाग बाजारात विकले. प्रतिसाद एवढा थंड होता की बहुतेक भार आयुर्विमा महामंडळाने उचलला. २०१९ च्या जानेवारीत कंपनीला पगारासाठी सुमारे हजार कोटींचे कर्ज काढावे लागल्याच्या बातम्या आल्या. कारण हास्यास्पद होते : मुख्य ग्राहक असलेल्या हवाई दलाची देणी थकली होती. म्हणजे सरकारने सरकारचे पैसे अडवल्यामुळे सरकारी कंपनीने बँकेचे व्याज भरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेतनकराराच्या प्रश्नावर कामगारांनी देशभर संप केला. आणि पुढच्या पाच वर्षांत चित्र असे पालटले की हाच शेअर गुंतवणूकदारांचा लाडका झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीला ‘महारत्न’ दर्जा मिळाला. कारखाना तोच, माणसे बरीचशी तीच. बदलली ती मागणीपत्रांची वही.

सार्वजनिक उद्योग अकार्यक्षम असतात की नाही या वादात हा धडा बाजूला राहतो. ज्या उद्योगाचा ग्राहक एकच, त्याची कार्यक्षमता अर्धी ग्राहकाच्या हातात असते. अनुभवी फिटर निवृत्त झाला आणि त्याच्या हाताखाली शिकायला कोणी नसले, तर ते कौशल्य पुढल्या करारावर सही झाली म्हणून परत येत नाही.

(१७)
खासगी कंपन्यांसाठी संरक्षण उत्पादन २००१ मध्ये खुले झाले. लष्करी वाहतूक विमान सी-२९५ च्या ५६ पैकी ४० विमाने टाटा आणि एअरबस मिळून भारतात बनवणार आहेत. २०२२ मध्ये हा प्रकल्प बडोद्याला जाणार हे जाहीर झाले तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ झाला : नागपूरचा मिहान असताना गुजरात का? चव्हाणांच्या काळात उद्योगाची जागा मंत्रिमंडळाच्या टेबलावर ठरे. आता कंपनी ठरवते, आणि राज्ये सवलतींची बोली लावतात, असे म्हणतात. टेबल खरेच किती बदलले, हे ज्याने त्याने ठरवावे. ओझरला धावपट्टी, कुशल हात आणि साठ वर्षांचा अनुभव आहे, पण त्या वादात त्याचे नाव फारसे कोणी घेतले नाही.

(त्या धावपट्टीवरून आता प्रवासी विमानेही उडतात, आणि काही वर्षांपूर्वी शारजाला जिवंत शेळ्या-मेंढ्याही उडाल्या आहेत. स्वनातीत विमाने आणि शेळ्या यांची सामाईक धावपट्टी, हे नियोजन आयोगाच्या स्वप्नातही आले नसेल.)

(१८)
रुपये-रुबलची कथा संपली असे वाटत असेल तर मे २०२३ कडे या. युक्रेन युद्धानंतर रशियावर निर्बंध आले, भारत रशियाचे तेल मोठ्या प्रमाणावर घेऊ लागला. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयांत परदेशी व्यापाराची सोय केली होती. मे २०२३ मध्ये गोव्यात रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव यांनी तक्रार केली की आमचे अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडून आहेत आणि त्यांचे काय करावे ते समजत नाही. सोव्हिएत संघ त्या रुपयांत चहा आणि चामडे घेत असे. आजच्या रशियाला आपल्याकडून तेवढे काही घ्यायचे नाही. ‘डॉलर सोडा, रुपयांत व्यवहार करा’ ही घोषणा ऐकताना हा फरक ध्यानी ठेवावा : रुपया चालण्यासाठी आपल्याकडे विकायला काही असावे लागते.

(१९)
जाता जाता, ओझरची दुसरी ओळख. पाण्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना ‘ओझर’ म्हटले की विमान आठवत नाही, वाघाड धरण आठवते. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राने नव्वदीच्या सुरुवातीला कालव्याच्या शेपटाकडच्या, म्हणजे पाणी कधीच न पोहोचणाऱ्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले, आणि २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. एका गावात राज्यसंस्थेचे दोन विरुद्ध प्रयोग : एकात सगळे दिल्लीच्या हाती, दुसऱ्यात कालव्याची चावीही शेतकऱ्याच्या हाती. तो विषय स्वतंत्र थ्रेडचा आहे, लवकरच लिहीन.

(२०)
आता तेजसकडे, आणि ठरल्याप्रमाणे इंजिनाकडे.

ओझरची तेजस साखळी देशातली तिसरी, वर्षाला आठ विमानांच्या क्षमतेची. शेजारीच एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची दुसरी साखळी सुरू झाली. हवाई दलाची मागणी भक्कम आहे : फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७, दुसऱ्या कराराची रक्कम ६२,३७० कोटींहून अधिक. मिग आणि सुखोईच्या तुलनेत एक मूलभूत फरक आहे. तेजसची रचना आपली आहे. आराखड्यातल्या ‘का’ चे उत्तर आता मॉस्कोत नाही, बंगळुरूत आहे. साठ वर्षांत प्रथमच ओझरची लढाऊ विमानांची साखळी दुसऱ्याची वही पाहून चालत नाही.

पण विमानाच्या पोटात अमेरिकी जनरल इलेक्ट्रिकचे एफ-४०४ इंजिन आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये अशी ९९ इंजिने मागवली गेली. पुरवठा-साखळीच्या अडचणींत ती अडकली आणि पहिले हाती आले मार्च २०२५ मध्ये. सांगाडे तयार, इंजिनांची वाट पाहणे चालू. मारुतच्या वेळी इंजिन घ्यायला पैसे नव्हते. या वेळी पैसे होते, इंजिने नव्हती. आपले स्वतःचे ‘कावेरी’ इंजिन तेजससाठीच सुरू झाले होते, पण अपेक्षित ताकद न मिळाल्याने २००८ मध्ये तेजसपासून वेगळे काढण्यात आले.

नव्या ९७ विमानांसाठी ७ नोव्हेंबर २०२५ रोजी, ओझरच्या समारंभानंतर तीनच आठवड्यांनी, आणखी ११३ इंजिनांचा करार झाला. ती २०२७ ते २०३२ या काळात येणार आहेत. बिल डॉलरमध्ये.